वाडग्याची रेघ

लोणावळा
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

चिंगीमावशी यांस,

१. २०१० च्या चैत्रात, गावच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, देवळापुढच्या कातळावर वाघ-बकरीचा डाव झाला. दर वर्षीसारखाच. वाघ गावाचे, बकऱ्या ठाकरवाडीच्या.
२. त्या दिवशी सकाळी कातळात कोरलेल्या पटाच्या रेघा चुन्याने रंगवण्यात आल्या होत्या.
३. वाघ खेळायला माझे आजोबा, हौशीराम आबा, बसले. बकऱ्या खेळायला तुम्ही. वाडीकडून बाईमाणूस बसण्याची ती पहिलीच वेळ.
४. अठरा बकऱ्यांपैकी तुमच्या चार मेल्या होत्या. आबांचा एक वाघ कोंडला गेला होता, दुसऱ्याला दोनच घरं मोकळी होती.
५. कोपऱ्यालगतच्या बकरीवर वाघाची उडी पडणार होती. तुम्ही ती उचलून पटाबाहेरच्या खळग्यात ठेवली. आबांनी विचारलं, "ही कुटं चालली?" तुम्ही म्हणालात, "वाडग्यात."
६. मी म्हणाले, "तितं रेघच न्हाई. मावशी खोटं खेळती." माझं वय अकरा होतं.
७. लोकांनी वाकून पाहिलं. चुन्याची रेघ नव्हती. आबांनी जिंकल्याचा नारळ उचलला.
८. त्या संध्याकाळी माझ्या वडिलांनी तुमच्याकडे राखायला असलेली आमची गुरं काढून घेतली. पावसाळ्याआधी तुम्ही तुमच्या लेकीला, माझ्या वर्गातल्या निर्मलाला, घेऊन मळवलीला गेलात. तेव्हापासून वाडी डावाला बसलेली नाही.

घडलं ते एवढं. यात काही चुकलं असेल तर कळवा.

हे पत्र निर्मला वाचून दाखवेल असं धरून चालते. निर्मला, तू माझा फोन दोनदा कापलास म्हणून कागदावर लिहिते आहे. मधलं काही गाळू नकोस.

आता कारण. मी लोणावळ्यात एका मोजणी कार्यालयात काम करते. जमिनी आणि रस्ते मोजून त्यांचे नकाशे काढते. गावात देवळापुढे सभामंडप बांधायचं ठरलं आहे. त्याच्या एका खांबाचा पाया नेमका पटावर येतो. खांब दोन फूट सरकवा, असं मी सुचवलं. मंडप वाकडा दिसेल, असं उत्तर मिळालं. मग पट दुसऱ्या दगडावर उतरवून तो दगड मंडपाच्या पायरीशी बसवायचं ठरलं. इंदुरीचे सोपान पाथरवट तो कोरतील. नकाशा मी द्यायचा आहे. सोपानकाका १५ डिसेंबरला छिन्नी लावणार, आणि त्यांचं काम झालं की कातळ फोडला जाईल.

काल मी पट मोजला. चौकोनात पाच रेघा उभ्या, पाच आडव्या आणि तिरक्या, रेघा मिळतात तिथे एक, अशी पंचवीस घरं. पूर्वेला जोडलेला त्रिकोण, ज्याला आपण डोंगर म्हणतो, त्यात सहा घरं. रेघांची खोली तीन ते चार मिलिमीटर. हे कोणालाही दिसतं. पण साडेपाचच्या सुमारास ऊन तिरपं झालं आणि नैऋत्येच्या कोपऱ्यातून बाहेर जाणाऱ्या आणखी एका रेघेची सावली पडली. लांबी एकतीस सेंटिमीटर, खोली जेमतेम एक मिलिमीटर. टोकाला सुपारी मावेल एवढा खळगा, म्हणजे तुमचं वाडगं, बकऱ्या कोंडायचं आवार.

ही रेघ नकाशात दाखवायची की नाही, हे मला ठरवायचं आहे. दाखवली तर तिचा नियमही दगडावर लिहावा लागेल. वाडग्यात एका वेळी किती बकऱ्या जातात? किती वेळ थांबतात? परत कशा येतात? नकाशात ही रेघ राहिली नाही, तर पुढे ती कुठेच राहणार नाही.

उत्तराची वाट पाहते.

सारिका कैलास

*

लोणावळा
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चिंगीमावशी यांस,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं आहे, कारण तुम्ही राखता त्या मळवलीच्या बंगल्याच्या पेटीत मी ते स्वतः टाकलं होतं.

या आठवड्यात त्या रेघेबद्दल आणखी काही कळलं. मी तिचे निरनिराळ्या कोनांतून नव्वद फोटो काढले आणि संगणकावर त्यांवरून खोली दाखवणारं चित्र तयार केलं. पटाच्या बाकीच्या रेघा छिन्नीच्या आहेत. तळ खडबडीत, कडा तुटक. या रेघेचा तळ मात्र गुळगुळीत आहे. दगडाला हात लावला तर तो भाग काचेसारखा लागतो. छिन्नीचा ठोका इथे हलकाच पडला असावा. बाकी झीज बोटांची आहे. खडे, बिया, जे काही बकऱ्या म्हणून वापरत असतील ते लोटून लोटून झालेली. किती वर्षांची, हे सांगता येत नाही. दगडावरच्या रेघेचं वय ठरवायची खात्रीची रीत माझ्याकडे नाही. पण रेघ नुसती कोरून ठेवलेली नव्हती, ती सतत वापरात होती, हे नक्की.

काल वाडीवर गेले होते. तुमचे भाऊ गोविंदामामा खळ्यात भात झोडत होते. मी पायलीवर बसले आणि विचारलं. ते आधी म्हणाले, "पायलीवरनं उठ, धान्य मापायची हाय ती." मग बोलले.

"वाडगं व्हय? ठाऊक हाय की. वाडग्यात गेलेली बकरी वाघानं मागायची न्हाई."

"पण किती जातात? किती वेळ?"

"त्ये बापानं चिंगीला शिकवलं. मला म्हनला, तुला दम न्हाई, तू म्हशी राख."

"मग मी कोणाला विचारू?"

"जिला खोटी म्हनलीस तिलाच." त्यांनी पेंढी आपटली. दाणे माझ्या वहीवर आले. मग आत बघून ओरडले, "चहा ठेवा गं! गावातली मोजणीवाली आलीया."

चहा घेतला. परत येताना कातळावर थांबले आणि एकटीच दोन्ही बाजूंनी डाव खेळले. वाघ जिंकले. मला वाघांकडूनच विचार करायची सवय आहे. तुमच्यामागे गुरांकडे यायचे तेव्हाही मी कायम वाघच घेत असे. तुम्हाला आठवत असेल.

सारिका

*

लोणावळा
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

चिंगीमावशी यांस,

रविवारी मी मळवलीला आले होते, हे तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते. गेटपाशी जे बोलणं झालं ते निर्मलाने तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं असेल याची खात्री नाही.

मी म्हणाले, "निर्मला, मी सारिका."

"दिसतंय की. बंगला मोजायला आलीस का? मालकाला इचार."

"मावशी आहेत?"

"न्हाईत."

"मग आत खोकतंय कोण?"

"मालकांचं कुत्रं."

त्यावर आतून आवाज आला, "कोन हाय गं?" निर्मला हसली नाही. मीही हसले नाही. दोरीवर तुमचं हिरवं लुगडं वाळत होतं.

ती म्हणाली, "पत्रं वाचून दावली आईला. कायम तू म्हनायचीस, आता तुमी-तुमी लिवलंयस. आई म्हनली, हे दुसऱ्या कुना बाईचं हितं आलंय, परत दे."

मी म्हणाले, "पत्र तुमचंच आहे म्हणावं."

"बरं. आन् त्यातलं दुसरं कलम परत वाच. चुन्यानं रंगवण्यात आल्या होत्या म्हनं. कुनी रंगवल्या? पावसानं?"

मी म्हणाले की माझी लोकल आहे. ती म्हणाली, "जा की मग." लोकलला पस्तीस मिनिटं होती. मी ती फलाटावर काढली.

आता कामाचं.

गेल्या दोन सुट्ट्यांत मी आणखी पाच पट पाहून आले. कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटेवर पाण्याच्या टाक्याशी एक आहे. एक पडक्या चौकीच्या उंबऱ्यावर, बाकीचे तीन गुरं बसवतात त्या माळावर. मला वाटलं होतं, कुठेतरी वाडगं दिसेल आणि तिथल्या कोणाला तरी नियम विचारता येईल. पाचांपैकी एकालाही वाडगं नाही. दोन पटांना डोंगरही नाही. आंदर मावळातल्या एका म्हाताऱ्या गुराख्याला चित्र काढून दाखवलं. तो म्हणाला, "पटाच्या भाईर बकरी? मंग वाघानं काय उपास धरायचा?" म्हणजे मी पाहिलं तेवढ्यात तरी वाडगं फक्त आपल्याच कातळावर आहे.

दुसरं. संगणकाकडून मी डाव खेळवून घेतले. प्रत्येक नियमाचे हजार, दोन्ही बाजू नवशिक्या धरून. वाडगं नसेल तर वाघ ८७१ डाव जिंकले. वाडग्यात हव्या तितक्या बकऱ्या, हवा तितका वेळ थांबू दिल्या तर वाघ जवळजवळ जिंकतच नाहीत. डाव संपतच नाही. एका वेळी एकच बकरी, आणि तीही वाघाच्या एका खेळीपुरतीच, असं धरलं तर वाघ ५३८, बकऱ्या ४६२. या शेवटच्या नियमावर डाव बरोबरीचा होतो. ज्या कोणी वाडगं काढलं, त्याला हेच हवं असावं असं मला वाटतं. वाघ कायम गावाकडे असायचे. बकऱ्यांना जिंकायला कुठेतरी जागा ठेवावी, असं कोणाच्या तरी मनात आलं.

पण हा माझा अंदाज आहे. संगणक नवशिक्यासारखा खेळतो, तुम्ही तशा खेळत नव्हता. अंदाज मी दगडावर कोरायला देणार नाही.

सारिका

*

लोणावळा
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

चिंगीमावशी यांस,

काल ग्रामपंचायतीत मंडपाची बैठक झाली. सरपंच शालूबाई, मंडपाच्या समितीचे प्रमुख म्हणून माझे वडील, आणि आणखी सातजण. मी नकाशा भिंतीवर लावला. त्यात वाडग्याची रेघ तुटक काढली होती.

वडिलांनी विचारलं, "हे शेपूट कशाचं?"

मी झिजेबद्दल सांगितलं. फोटो दाखवले.

"दगडावर धा ओरखडे असत्यात. गुरं खूर घासत्यात, पोरं विळे घासत्यात. समदं कोरत बसायचं का?"

शालूबाई म्हणाल्या, "कैलासभाऊ, ओरखड्याच्या टोकाला बरोब्बर खळगा कसा पडंल? खुरानं?"

वडिलांनी फोटो बाजूला सारले. मग म्हणाले, "ती रेघ कोरली म्हंजी आबा खोटं जिंकला असं व्हतं. मेलेल्या मानसावर यात्रेत लोक बोट दावणार. दावू द्यायचं?"

"त्याला काय नारळ परत मागतंय कुनी!" शालूबाई म्हणाल्या. दोघंतिघं हसले. मग त्यांनीच विचारलं, "त्या साली चुना कुनी लावला व्हता? ज्यानं लावला त्याला दिसलीच आसंल की रेघ, आसली तर."

कोणी म्हणालं, वाडीवालेच लावतात दर वर्षी. कोणी म्हणालं, नाही, त्या वर्षी शाळेकडे दिलं होतं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाची खालची पिन सैल झाली होती ती नीट केली.

बैठकीत ठरलं ते असं: ३ डिसेंबरच्या बैठकीपर्यंत पुरावा आला तर रेघ घ्यायची, नाहीतर वगळायची.

वडिलांचं एक म्हणणं मला नोंदवायचं आहे. घरी आल्यावर जेवताना ते म्हणाले, "चिंगीनं आमची गुरं सोळा वर्सं राखली. एक वासरू कदी हरवलं न्हाई." मी विचारलं, मग काढली कशाला? ते म्हणाले, "चारचौघांत खोटी ठरली व्हती. दुसरं काय करनार?" आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

या पत्रात प्रश्न नाही.

सारिका

*

लोणावळा
गुरुवार, ४ डिसेंबर २०२५

मावशी,

माझ्या पहिल्या पत्रातलं दुसरं कलम चुकीचं आहे. दुरुस्ती अशी:

२. त्या दिवशी सकाळी पटाच्या रेघा मी चुन्याने रंगवल्या. त्या वर्षी ते काम शाळेकडे आलं होतं आणि गुरुजींनी ते मला दिलं, कारण मी जुन्या खेळांची वही केली होती. वहीत वाघ-बकरीच्या पटाचं चित्र होतं, एका पुस्तकावरून उतरवलेलं. त्यात वाडगं नव्हतं. माझ्याकडे चुन्याचा डबा आणि काथ्याचा कुंचा होता. नैऋत्येच्या कोपऱ्याशी आले तेव्हा बोटाला रेघ लागली. ती रेघ मला माहीत होती. डब्यात चुना शिल्लक होता. मी ती रंगवली नाही.

सहाव्या कलमातही भर घालायची आहे. "तितं रेघच न्हाई" असं म्हणताना रेघ आहे हे मला ठाऊक होतं.

कारण द्यायला हवं. गुरांकडे असताना तू त्या वाडग्यानेच मला हरवायचीस. मी म्हणायचे, मलाही शिकव. तू म्हणायचीस, "तू सारकी वाघच घेती गं. बकऱ्या घिऊन एक डाव बस, मंग दावते." मी कधी बसले नाही. बकऱ्या म्हणजे हरणं, असं मला वाटायचं. यात्रेच्या सकाळी मनात आलं की जे मला शिकवलं नाही ते पटावर कशाला हवं? एवढाच विचार होता. गुरं जातील, तू जाशील, निर्मला वर्गातून जाईल, यातलं काही मनात आलं नव्हतं. पण ते झालं, आणि त्यानंतर पंधरा वर्षं मी गप्प राहिले. त्या वर्षांत माझं वय अकरा नव्हतं.

सोमवारी कार्यालयाच्या पत्त्यावर पाकीट आलं. अक्षर निर्मलाचं. आत पत्र नाही, एक वाळलेला हिरडा. मी तो वजनकाट्यावर ठेवला: ४.१ ग्रॅम. तुझ्या बकऱ्या हिरड्याच्या असायच्या. आधी वाटलं, हेच उत्तर आहे, वाडग्यात एकच बकरी. माझ्या हजार डावांशी ते जुळतही होतं. मी नकाशाच्या कोपऱ्यात नियम लिहून टाकला. मग खोडला. जुळतं म्हणून ते तुझं उत्तर होत नाही. दुसऱ्या दिवशी तो हिरडा पुन्हा हातात घेतला तेव्हा लक्षात आलं की तू मला नियम पाठवलेला नाहीस. तू मला बकरी दिली आहेस.

काल बैठकीत दुसऱ्या कलमाची दुरुस्ती मी वाचून दाखवली. सगळ्यांपुढे, वर लिहिली आहे तशीच. गोविंदामामा वाडीवरच्या चौघांना घेऊन आले होते आणि दाराशी उभे होते. शालूबाईंनी त्यांना आत खुर्च्यांवर बसवलं.

कोणीतरी म्हणालं, "पोरगी व्हती, सोडा आता."

वडील माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "मंग गुरं मी उगंच काढली म्हन की."

मी म्हणाले, "हो."

ते बराच वेळ टेबलावरच्या नकाशाची घडी बोटाने सरळ करत राहिले. मग म्हणाले, "रेघ अखंड काढ. तुटक नको." आणि उठता उठता, "पर नियम चिंगीनं सांगितल्याबगर दगडावर एक अक्षर उमटायचं न्हाई. आपल्या मनानं आता काय बी लिवायचं न्हाई."

गोविंदामामा बाहेर पडताना मला म्हणाले, "अठरातल्या चारच मेल्या व्हत्या. डाव तिचाच व्हता." मी म्हणाले, "माहीत आहे. चौथ्या कलमात आहे." ते म्हणाले, "कलमात कशाला? मला डाव बगायचाय."

म्हणून रेघ नकाशात आहे, अखंड, एकतीस सेंटिमीटर, खाली माझी सही. तिच्या शेजारी नियमासाठी चार ओळींची जागा कोरी सोडली आहे. सोपानकाका म्हणाले, जागा कोरी राहिली तर तशीच सोडीन, पण छिन्नी थांबवणार नाही, पुढे दुसरं काम आहे. त्यांची तारीख १५ तीच आहे. त्यानंतर कातळ राहणार नाही.

यात्रेचा डाव मी मागत नाही. वाडीने बसायचं की नाही ते वाडी ठरवेल. मला एक डाव हवा आहे, कातळ असेपर्यंत. वाघ तू घे. बकऱ्या मी घेते. हरले तरी चालेल. वाडगं तू सांगितलं होतंस त्या अटीवरच शिकेन. कातळावर यायचं असेल तर मी गाडी घेऊन मळवलीला येते, निर्मलाने गेट उघडलं नाही तरी बाहेर थांबते. यायचं नसेल तर पट कापडावर काढला आहे, तो घेऊन तुझ्याकडे येते. सतरा हिरडे मी जमवले आहेत.

शुक्रवार, १२ डिसेंबरपर्यंत उत्तर कळव.

सारिका